दाग्नी क्विस्ट या नावाबद्दल

मी, बोदिल क्विस्ट, वय वर्षे सत्तर, पूर्वीचा धंदा म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस, त्याच्याही पूर्वीचा धंदा कलम तीनमध्ये दिला आहे, राहणार कोपनहेगन, वेस्टरब्रो, तिसरा मजला डावीकडे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी फुफ्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतके जवळचे कोणी उरलेलेही नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. सोसायटीच्या मालकीच्या राहत्या फ्लॅटमधला माझा हिस्सा विकून जे येईल ते, आणि बँकेत जे असेल ते, घर सोडून आलेल्या बायकांसाठी या शहरात जे आसऱ्याचे घर चालते, त्याला द्यावे. १९७९ साली त्यांनी मला अकरा दिवस ठेवून घेतले होते आणि नाव विचारले नव्हते.

२. सायकल खालच्या मजल्यावरच्या हेनिंग बास्टला द्यायची होती. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. हेनिंगला विचारले तर म्हणाला, “सायकल राहू दे, मी सही करतो. तुझ्या सायकलचा ब्रेक तरी कुठे लागतो!” म्हणून सायकल अंगणात ठेवावी. ज्याला हवी त्याने न्यावी.

३. १९७० ते १९७८ या काळात मी एकतीस सिनेमांत काम केले. कसल्या, ते उघड आहे. आमच्या देशाने तेव्हा नागडे सिनेमे नुकतेच कायद्यात बसवले होते आणि परदेशी पुरुष बस भरभरून बघायला येत. बहुतेक सिनेमे वाल्बीतल्या एका शेडमध्ये प्रेबेन स्काउने काढले. तो हयात आहे आणि मुलाखतींतून सांगत असतो की आम्ही स्वातंत्र्य आणले. आम्ही म्हणजे तो. फेब्रुवारीत त्या शेडमध्ये विजेची एकच शेगडी असे आणि ती कॅमेऱ्यामागे, त्याच्या पायाशी. “बोदिल, हस ना गं जरा! दात वाजतायत ते दिसतंय पडद्यावर.” १९७४ साली ती शेगडी मी हट्टाने जवळ ओढून घेतली आणि ती माझ्या मांडीवर कलंडली. दुसऱ्या दिवशी डाग पावडरने झाकून काम पुढे चालू झाले. शेवटच्या दिवशी निघताना ती मी उचलून आणली. माळ्यावर आहे, अजून चालते. ती प्रेबेनला पोचवावी. सोबत चिठ्ठी नको, त्याला कळेल.

४. आता नाव. त्या एकतीसही सिनेमांत माझे नाव दाग्नी क्विस्ट असे आहे. दाग्नी क्विस्ट ही माझी सख्खी थोरली बहीण. तिने आयुष्यात सिनेमाच्या थिएटरात पाऊल टाकलेले नाही.

आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या हाव्रुपच्या. गावात मासे, वारा आणि प्रार्थनाघर. नाच नाही, पत्ते नाहीत, रविवारी विणकामसुद्धा नाही. मी वीस वर्षांची असताना कोपनहेगनला एका माणसाबरोबर लग्नाशिवाय राहत होते आणि पोटातले मूल गेले. हे मी एकट्या दाग्नीला पत्रात लिहिले. तिने ते पत्र प्रार्थनाघरात उभे राहून मोठ्याने वाचले, सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. दाग्नीला वाटले, आपल्याजवळचे सगळ्यात गुणाचे औषध आपण बोदिलला देतो आहोत. मला वाटले, भर सभेत हिने माझे कपडे काढले. दोन महिन्यांनी ते मी स्वतःच काढले, आणि प्रेबेनने “नाव काय लावू?” म्हणून विचारल्यावर तिचे नाव सांगितले. माझ्याकडून ही चूक झाली नाही. मी ते मुद्दाम केले.

५. त्यातून जे झाले ते असे. आम्ही दोघी दिसायला सारख्या. शेजारच्या बंदरात भिंतीवर पोस्टर लागले. आंद्रेस नावाच्या ट्रॉलरवाल्याशी तिचे ठरलेले लग्न मोडले. तो भला माणूस होता, पण बोटीवरचे लोक त्याला रोज विचारत, “काय रे, दाग्नी कशी आहे?” रविवारच्या शाळेतली मुले तिच्याकडून काढून घेतली. तिने लग्न केले नाही. गावच्या दुकानात चाळीस वर्षे गल्ल्यावर बसली, छातीवर नावाची पट्टी लावून.

१९८१ साली आईच्या अंत्यविधीला मी तिला म्हटले, “नाव बदलून घे ना. अर्ज केला की मिळतं.”

“माझ्या नावाचा बाप्तिस्मा झालाय,” ती म्हणाली. “तू चोरलंस म्हणून मी टाकून देऊ होय?”

६. मागच्या वर्षी जुने सिनेमे जतन करणाऱ्या एका संस्थेला मी लिहिले की ते नाव काढून माझे घालावे. त्यांनी सभ्य उत्तर दिले: पडद्यावर जे आहे तेच नोंदीत राहणार. त्याच उन्हाळ्यात दोन माणसे कॅमेरा घेऊन हाव्रुपला दाग्नीच्या दारात उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला म्हणाली, एक फोटो काढू द्या, आम्ही तुमचे जुने चाहते. हे तिने नाही, पाद्रीबाईंनी कळवले. तेव्हापासून मला एकच भीती आहे. आम्ही दोघी गेल्यावर असली माणसे तिच्या थडग्याशी जाणार, आणि ती बाई मी नव्हे हे सांगायला तिथे ती नसणार.

७. (हे कलम आडवी रेघ मारून खोडले आहे. वाचता येते.) म्हणून माझी राख कोपनहेगनलाच पुरावी आणि वर दगड लावावा. त्यावर बोदिल क्विस्ट हे नाव कोरू नये. दाग्नी क्विस्ट, सिनेनटी, असे कोरावे, म्हणजे शोधणारे इथे येतील आणि माझी बहीण सुटेल. माझे नाव कुठेच नसले तरी चालेल.

८. कलम सातला तिची संमती हवी म्हणून मी फोन केला. ती म्हणाली, “असलं फोनवर बोलत नाही मी. येते.” आज सहा तास गाडीत बसून आली, स्वतःची कॉफी थर्मासमध्ये घेऊन. चष्मा लावून सगळे वाचले. शेगडीच्या कलमापाशी थांबली, पुढे गेली. सातव्या कलमावर बोट ठेवले.

“हे खोड.”

“दाग्नी, तुझ्यासाठीच लिहिलंय गं. ते लोक तुझ्या दगडापाशी येऊन खिदळतील.”

“खिदळू देत. दगडावर खोटं लिहायचं नाही. पडद्यावर लिहिलंस तेवढं पुरे.”

“मग काय करू?”

“बाबांच्या शेजारी माझी जागा आहे ना. तुझा कलश असा कितीसा असणार? बसेल तिथे. एकाच दगडावर दोन्ही नावं, दोघींच्या तारखा, दोघींचं काम. येणाऱ्याला वाचता येतं ना? वाचेल, कोण कुठली ती.”

मला रडू आले. मी विचारले, “म्हणजे मला माफ केलंस तू?”

“नाही,” दाग्नी म्हणाली. “रोज मागते देवाकडे, तेवढं बळ दे म्हणून. अजून दिलं नाही त्यानं.” मग चष्मा काढून पुसत बसली. “आणि तुझं ते पत्र मी वाचायला नको होतं. तेही सांगते त्याला रोज.”

सबब कलम सात मी स्वतः खोडले आहे आणि वर ती म्हणाली तसे करावे. दाग्नीला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही, कारण तिला साक्षीदार व्हायचे आहे. तसे तिनेच सांगितले.

कोपनहेगन, ९ ऑक्टोबर २०१९
(सही) बोदिल क्विस्ट

बोदिल क्विस्ट हिने शुद्धीत आणि राजीखुशीने आमच्या दोघांच्या समोर सही केली. हिच्याकडून आम्हाला काही मिळणार नाही.

साक्षीदार पहिला: (सही) हेनिंग बास्ट, निवृत्त बसचालक, याच घरात, पहिला मजला.

साक्षीदार दुसरी: (सही) दाग्नी क्विस्ट, हाव्रुप. दुकानात होते. सिनेमात नव्हते. सही करणारी माझी धाकटी बहीण आहे.