शिवणाचं पुस्तक

धनज, ता. कारंजा
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

प्रिय पप्पा,

प्रभूमध्ये सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? औषध संपलं असेल तर अंगावर काढू नका. माझ्या शिवणक्लासला आता अकरा मुली येतात.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. शेजारच्या नानीबाईंना मी येशूचं शुभवर्तमान सांगितलं आणि त्यांनी हात जोडून "आमचा देव आमाले बरा" म्हटलं, असं मी लिहिलं होतं. तसं घडलं नाही. त्या असं काही म्हणाल्याच नाहीत. मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

शाळेत जाण्याआधी तुम्हीच मला घरी लिहायला शिकवलंत. वहीत चुकलेलं कधी खोडू दिलं नाहीत. त्यावर एक रेघ मारून बाजूला खरं लिहायला लावायचात. म्हणून हे फोनवर न सांगता लिहिते आहे. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा तेच खोटं बोलेन.

झालं ते असं. दिवाळीनंतर त्यांचं घर ऊसतोडीला निघणार होतं. आदल्या दुपारी मी ओट्यावर बायबल वाचत बसले होते. नानीबाई शेजारी येऊन टेकल्या.

"काय वाचून राह्यली वं? रोज वाचतं, रोज डोये पुसतं. तुहा देव मारते काय तुले?"

मी हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, "माहं लहानगं लेकरू गेलं, तुले मालूम हाय. त्याले तुह्या देवापाशी जागा भेटन काय? सांग ना मले."

घरमालक राजपालभाऊ तिथेच मोटरसायकल पुसत होते. खोली देताना त्यांनी बजावलं होतं, "ताई, शिवण शिकवा, पन धरमाच्या गोष्टी इथं नाई पायजे." मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "हे शिवणाचं पुस्तक आहे, मावशी."

त्या "बरं," म्हणाल्या आणि सामान बांधायला गेल्या.

माझं पत्र तुम्ही रिसोडच्या चर्चमध्ये, आपल्या मंडळीत वाचून दाखवलंत. नानीबाईंच्या मनाचा आंधळेपणा जावा म्हणून सगळ्यांनी प्रार्थना केली. तुम्ही हे फोनवर सांगितलंत, तेव्हाही मी "आमेन" म्हटलं.

पप्पा, नानीबाई गेल्या. सत्तावीस जानेवारीला, उसाच्या फडावर, तीन दिवसांच्या तापाने. त्यांचे यजमान भाऊसिंगकाका आणि मुलगी निता त्यांना घेऊन गावी आले. निता माझ्याकडेच शिवण शिकायची. परवा मी भेटायला गेले, तर तिनेच मला जवळ घेतलं.

"ताई, आई फडावर तुमची लई आठवन काढे. म्हने, शिवणाचं पुस्तक वाचून कोनी रडते काय? थे पोरगी भेली. वापस गेलो का पुन्हा इचारू तिले."

त्यांना एक अक्षर येत नव्हतं. मला सगळं वाचता येतं, आणि समोरची बाई काय मागते आहे ते मला दिसलं नाही.

नाही, हेही खोटं. दिसलं होतं.

त्या आता कुठे आहेत, हे मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्हीही कळवू नका.

तेरवी रविवारी आहे. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी काही बोलणार नाही. सगळं उरकलं की सोमवारी भाऊसिंगकाका आणि निताकडे जाईन. आधी माझं खोटं सांगेन. मग नानीबाईंचा प्रश्न सांगेन आणि मला तेव्हाही माहीत असलेलं उत्तर, की येशूने कुणाच्या लेकराला कधी दूर लोटलं नाही. ऐकून घेतलं तर पुढचंही सांगेन. "ऊठ" म्हणाले तर उठेन. राजपालभाऊंनाही मीच सांगेन. खोली गेली तर जाऊ दे.

हे पत्रही मंडळीत वाचा. नानीबाईंसाठी केलेली प्रार्थना माझं नाव घेऊन पुन्हा करा.

सोमवार, नऊ फेब्रुवारीपर्यंत खोटी असलेली,
तुमची रूपाली