गोधडीतलं पातं

१२ ऑगस्ट
आहुप्याच्या अलीकडची वाडी. दरड पडल्यामुळे दीड तास पायी. सुगंधा घरीच बाळंत झाली, आज तिसरा दिवस. पहिलटकरीण, मुलगा. तिची सासू ठकूबाई पोराला उघडं करू देईना. सटवाई पुजल्याशिवाय अंगावरचं काढायचं नाही म्हणे. वाद घालायचं त्राण नव्हतं. तिनेच पोर गोधडीसकट वजनकाट्याच्या झोळीत ठेवलं. गोधडीचं अंदाजाने वजा करून २६०० ग्रॅम लिहिलं. पंचवीस वर्षं नर्स आहे, असं करू नये हे कळतं. पण गुडघे, चिखल, पुढे अजून दोन घरं.

१६ ऑगस्ट
सातवा दिवस. पाचवी झाली, म्हणून उघडं करून वजन. २२००. चार दिवसांत चारशे ग्रॅम खाली! डोकंच फिरलं. सुगंधा म्हणते, दोन-दोन तासांनी पाजते, पोर पोटभर पितं. म्हटलं, काटा खोटं बोलत नाही, तूच बोलतेस. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या, तरी थांबले नाही. "स्वतःचं पोर उपाशी मारणारी आई पहिल्यांदाच बघतेय. काय उपयोग तुझ्या दुधाचा?" ती पदराचं टोक पिळत बसली, वर बघितलं नाही.
झापल्याशिवाय या पोरींना अक्कल येत नाही. उतरताना बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

२३ ऑगस्ट
चौदावा दिवस. १९००. जुलाब. डोळे खोल गेलेले, रडतोय पण आवाज नाही. उशाशी बाटली, तिच्यात शेळीचं दूध, बुचावर माशा. ठकूबाईला विचारलं, हे कोणी सांगितलं.
"तुमीच की बाई. हिच्या दुधाचा उपेग न्हाई म्हनलात. मंग म्या अंगावरचं तोडलं."
मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणजे, तसंच म्हटलं होतं.
मग ती आपलं सांगत सुटली, पोरासाठी काय काय केलं ते. सटवाई पुजली, दृष्ट काढली, पाचवीपर्यंत विळ्याचं पातं गोधडीच्या घडीतून हलू दिलं नाही. मी विचारलं, मी वजन केलं तेव्हा?
"तवा बी व्हतं. लोखंड काडल्यावर पोराला राखनार कोन?"
पातं आणायला लावलं. मोडक्या विळ्याचं, जाडजूड. काट्याला लावलं. चारशे ग्रॅम.
म्हणजे पोर तेव्हाही बावीसशेचंच होतं. चार दिवसांत काही घटलं नव्हतं. तिचं दूध त्याला पुरत होतं.
साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत पोर खाली आणलं, जीप मिळाली.

२५ ऑगस्ट
तालुक्याचा दवाखाना. पोर तग धरून आहे. डॉक्टर म्हणतात, आईचं दूध मिळालं तर वाचेल, एरवी सांगता येत नाही. सुगंधाचं आटलंय. सतत छातीशी धरलं तर परत येईल, पण ती धरत नाही. ठकूबाई बाहेर बाकावर पाहुण्यांना सांगतेय, ही कोरडी गाय माहेरी धाडायची.
दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. पातं, गोधडी, माझा अंदाज. चूक माझी आहे, असं स्पष्ट म्हटलं. ठकूबाई म्हणाली, लोखंडाला बोल लावू नका. आणि चहा प्यायला गेली.
सुगंधा म्हणाली, "मला बी तुमचंच खरं वाटलं. सासूबाई नसताना पोर माझ्याकडं वळून रडायचं. मी न्हाई घेतलं. म्हनलं, माझंच दूध बादतंय त्याला."


२८ ऑगस्ट
वजन रोज तिथल्या सिस्टर करतात, मी विचारत नाही. जुलाब थांबलेत. डबाबंद दूध वाटी-चमच्याने, निम्मं ओकतो.
रजा टाकून गेले होते. पोर उचलून सुगंधाजवळ नेलं, म्हटलं, घे गं बाई, नुसतं धर. तिने हात मागे घेतले.
"आदी काट्यावर घाला त्याला. मंग तुमी सांगा, घ्येऊ का नको."
टोमणा असता तर सोसला असता. ती खरंच विचारत होती. घे, म्हटलं. दोनदा म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि पोर माझ्याच हातात राहिलं.