धुऱ्यावरचा दगड आणि तिकडचं युद्ध

बाबा, मागच्या वेळी मी तुम्हाला लिहिलं होतं की तिकडचं युद्ध संपलं. ते चूक होतं. संपलं नव्हतं, शस्त्रसंधी झाली होती, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला लिहितानाही कळत होतं. मराठी पेपरात ‘शस्त्रसंधी’ होतं, आदिलाबादहून येणाऱ्या तेलुगू पेपरातही त्याच अर्थाचा शब्द होता. तुम्ही ठेवायचात तसे दोन्ही पेपर शेजारी ठेवून मी वाचले होते, आणि तरी ‘संपलं’ लिहून मोकळी झाले. तुम्हाला चुकीचं कळवलं तर त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण आईला सांगताना मी त्याच्याही पुढं गेले. ती आत भाजी चिरत होती. मी दुकानातूनच म्हटलं, “आई, लावला एकदाचा दगड त्यांनी.”

हे बोलणं तुमचं. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं शिकले ती तुमच्या मथळ्यांवर, आणि जग शिकले ते धुऱ्यावर. सकाळी दुकान उघडलं की भाजीवाले, कापूसवाले चार जण बाकावर येऊन बसत आणि तुम्ही वाचायला लागायचात. वाचता वाचता तुम्ही पेपर खाली करता, चष्मा कपाळावर ढकलता आणि सांगायला लागता. दोन वावरांमधला धुरा, हद्दीचा बांध. एक जण नांगरताना वीतभर आत सरकतो, दुसरा पुढच्या हंगामात हातभर सरकतो, मग बोलणं बंद होतं, मग काठ्या निघतात. कुठलाही देश घ्या, तुम्ही त्याला आपल्या बेल्याच्या शिवारात आणून बसवत होता. अमेरिका म्हणजे दोघांनाही ट्रॅक्टर भाड्यानं देणारा आणि वर पंच म्हणून पुढच्या खुर्चीत बसणारा गडी. यावर बाकावरची माणसं हसत, कारण तसा एक जण गावात होता आणि पुष्कळदा तो तिथंच बसलेला असे. भांडण मिटायचं तेही आपल्या रीतीनं. चार माणसांसमोर दोघांनी मिळून एक दगड उचलायचा, हद्दीवर गाडायचा, आणि तिथून सरळ आपल्या दुकानी चहाला यायचं. तो चहा प्याल्यावर पुन्हा त्या धुऱ्याचं नाव काढणं लाजेचं. असे किती चहा आईनं केले असतील. दगड लावला म्हणजे मिटलं, हे तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

म्हणून तर तिनं विळी आडवी केली आणि ती बाहेर आली. धाकट्याचं तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेच्या चड्डीत होता. आता वायरमन आहे, हात चांगला आहे त्याचा, मावल्यापर्यंतची माणसं त्याला बोलावतात. आदिलाबादच्या एका एजंटानं त्याला आखातात काम पाहून दिलं आहे, बंदराजवळच्या गोदामांत वायरिंगचं, दोन वर्षांचा करार. लढाई लागली तशी आईनं पाय आडवा घातला होता. तिची एकच अट होती, तुझी ताई सांगेल तेव्हा जाशील. घरात पेपर वाचते ती मी, तर जगाची खबर माझ्याकडं. त्यानं माझी पुष्कळ चेष्टा केली. काऊन ताई, आज कोणता देश रुसला, म्हणून रोज विचारायचा. एकदा चिडून म्हणाला, “तू जग वाचत बस. मी पाहून येतो.” त्या दिवशी मी दगडाचं बोलले आणि आई त्याला म्हणाली, जा बापा. एजंटाकडं फोन गेला, तिकडून तो तेलुगूत म्हणाला, युद्धम अयिपोयिंदी, म्हणजे युद्ध आटोपलं. त्याचंही आणि माझंही एकच निघालं. मला त्या क्षणी बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर दहा वेळा तरी मी मनात तो धुरा मोजून पाहिला आणि तो दर वेळी आखूड पडतो आहे. आपल्याकडचे दोघे दगड गाडून घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच वाटेनं, एकमेकांचं तोंड पाहत वावरात जावं लागतं. तिकडं कागदावर हो म्हणणारे कुठल्या तरी तिसऱ्या देशातल्या हॉटेलात बसलेले असतात, धुऱ्यावर कुणीच नसतं. दगड दोघांनी मिळून उचललेलाच नाही. एकानं सांगितलं उचलला, दुसऱ्यानं सांगितलं आम्ही हातही लावला नाही, आणि पंच दोघांच्या आधी फोटो काढून मोकळा. चार दिवस जात नाहीत तोवर पुन्हा क्षेपणास्त्रं, आणि आधी कुणी मोडलं यावर दोन पेपरांत दोन मतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आपल्या भांडणात तिसऱ्या गावची माणसं मरत नाहीत. तिथं बंदरं, तेलाच्या टाक्या, गोदामं जळतात, आणि आत असतात ती आपल्या निजामाबादची, करीमनगरची, बिहारची, नेपाळची पोरं. ना या वावराची, ना त्या वावराची. तुमच्या गोष्टीत त्यांना उभं राहायला जागाच नाही, बाबा. मी शोधली.

दुकानात मात्र सगळे मलाच विचारतात. जहाजं लांबच्या वळणानं जात आहेत, मग खत महाग होईल का? बाहेरचा कापूस आला तर आपल्या कापसाचं काय? मी जेवढं छापलं आहे तेवढं सांगते, आणि माणसं नाराज होतात, कारण तुमच्यासारखं पुढचं सांगत नाही. परवा वाचलं की सरकारनं या परिस्थितीबद्दल चिंता व्यक्त केली आहे आणि दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा असं म्हटलं आहे. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, मंग ते बी माह्यासारखंच करून राह्यले. बाकावर हशा पिकला. मी हसले नाही, कारण सरकार दोन्हीकडं बोलणं का चालू ठेवतं ते मला थोडंफार समजतं. ज्याची इतकी माणसं दोन्ही काठांवर कामाला आहेत तो कुणा एकाच्या बाजूनं उभा राहू शकत नाही. पण हे समजून आईला काय सांगायचं ते समजत नाही.

एक दिवस सारखा डोळ्यांपुढं येतो. मी अजून शाळेत जात नव्हते, तेव्हाही तिकडं कुठलं तरी युद्ध चाललेलं होतं. वांगी विकणाऱ्या एका मावशीचा मुलगा कुवेतला होता. ती टोपली उतरवते आणि विचारते, भाऊ, त्या धुऱ्याचं काय झालं? बाकावरचे सरसावून बसतात, आता तुम्ही रंगवून सांगणार म्हणून. तुम्ही पेपर वर धरता आणि वाचता. जसं छापलं आहे तसं, वाईट ओळींसकट, सावकाश. तिला नीट कळलं नाही म्हणून पुन्हा एकदा वाचता. ती टोपली उचलून निघून जाते. कुणी तरी तुम्हाला म्हणालं, काऊन घाबरवता बाईले? तुम्ही चिडला होता. “तिचं पोरगं तिथं हाय. तिले पेपर पायजे, गोष्ट नाई.”

हे मी ऐकलं होतं की पुढं आईनं सांगितलं म्हणून मला आठवतं, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. आईला विचारावं तर आज का विचारते असं ती म्हणेल, आणि मग सगळंच बोलावं लागेल.

तर पेपर वाचून दाखवायचा, इतकं सोपं आहे. मग मी इतके दिवस का थांबले आहे? कारण गुडीहत्नूरच्या शाळेत मला जूनपासून शिकवायचं काम मिळालं आहे. धाकटा गेला तर दुकानात मीच बसणार. आईच्यानं पोती हलत नाहीत. तो थांबला तर मी जाणार. आज मी म्हटलं की युद्ध संपलेलं नाही, तर ते खरं आहे, शब्दन् शब्द छापलेलं आहे, पण त्यात माझा फायदा आहे. बोलावं तर खरं आणि सोयीचं एकाच वेळी तोंडातून निघेल, आणि तो लगेच ओळखेल. गप्प बसावं तर तो माझ्या दगडावर विश्वास ठेवून विमानात बसेल. उलटही करून पाहिलं. समजा शाळेचं काम आलंच नसतं, तर मी सांगितलं असतं का? सांगितलं असतं, असं वाटतं. पण असं प्रत्येकालाच वाटत असणार. काल रात्री तो अंगणात बॅगेची चेन दुरुस्त करत होता आणि मला म्हणाला, ताई, तिकडून तुले रोज बातमी देईन, पेपर बंद कर. मी हो म्हटलं.

त्यानं जावं की थांबावं हे मी सांगणार नाही. तो मोठा आहे, हात त्याचे आहेत. मी फक्त दोघांना समोर बसवून दोन्ही पेपर वाचेन, तेलुगूतलं आईला मराठीत करून, एकही वावर मध्ये न आणता. आणि आधी सांगेन की दगड माझा होता, त्यांचा नव्हता, आणि शाळेचंही सांगेन. ते अजून घरात कुणालाच माहीत नाही.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवला नसता, कारण तुम्ही वाचून विचारलं असतं की तुला स्वतःला काय पाहिजे. मला तो इथं पाहिजे आहे, बाबा. शाळा मिळाली नाही तरीही. शुक्रवारी तो एजंटाकडं पासपोर्ट द्यायला आदिलाबादला जाणार आहे. मी गुरुवारी सकाळी वाचणार आहे, पेपर आल्या आल्या, दुकान उघडायच्या आधी.