गाठी आतून गुलाबी आहेत

बाबा,

आणलेला युरिया सोयाबीनला टाकू नका. माझी गाडी चुकेल, म्हणून तुम्ही परत येईपर्यंत थांबत नाही.

पेरणीआधी बियाण्याला चोळायची जिवाणूंची पाकिटं तुम्ही फ्रिजऐवजी माठाशेजारी ठेवली होती, हे काल कळल्यावर मी म्हणाले, "मग ते केव्हाच मेले. बियाण्याला नुसती पूड चोळलीत." दादा हसला, "चला, बाबांचं विज्ञान आटोपलं!"

आज सकाळी शेतातलं एक रोप उपटलं. मुळांवरच्या गाठी आतून गुलाबी आहेत. म्हणजे जिवाणू जिवंत आहेत आणि युरियात असतो तोच नत्र हवेतून घेऊन पिकाला देताहेत. रोप ओट्यावर ठेवलंय. नखाने गाठ फोडून दादालाही दाखवा.

शेत न बघताच मी निकाल दिला, आणि तुम्ही आज चहासुद्धा न घेता युरिया आणायला निघालात. भांडला असतात तर बरं झालं असतं, बाबा.