डावी बाजू वर

दहावा महिना, तिसरी तारीख
नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी गडावर हजर राहण्याचा हुकूम. चिलखतखान्याची जागा मला मिळणार, हे ठरल्यातच जमा. फक्त पोशाख चोख हवा. पणजोबांनंतर घरात कुणी लढाई पाहिली नाही. आता मर्दुमकी ती पोशाखातच. उद्यापासून सराव.

पाचवी
बाबांचा दरबारी पोशाख काढला. वरून चढवायच्या कामिशिमो अंगरख्याचे ताठ खांदे दारात अडकले. दारच अरुंद आहे.

अकरावी
हिसाताई आली. बघताच किंचाळली, की मेल्या, आतल्या पांढऱ्या किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर? असं मढ्याला नेसवतात, जित्या माणसाची डावी वर! मी म्हटलं, आरशात उलटंच दिसणार. ती म्हणाली, मी आरशात नाही, समोर उभी आहे.

बारावी
आरसा झाकला. तरी उजवी वर. रोजचा निळा किमोनो बरोबर नेसतो. हा पांढरा हाती घेतला, की हात गार पडतात आणि आपले आपण चालतात. यात कुणीतरी आहे.

अकरावा महिना, दुसरी
बाबाच असणार. त्यांचाच पोशाख. स्पष्ट सांगितलं, बाबा, मध्ये हात घालू नका. उदबत्ती लावली. परत उजवीच वर. हट्टी स्वभाव, मेल्यावरही तोच.
माझी बायको नुई वसंतात गेल्यापासून घर फार शांत आहे. ती होती तेव्हा सणावाराचे कपडे तीच समोर उभी राहून नेसवायची, मी नुसते हात पसरायचो. म्हणजे निम्मं काम मला येतंच.

विसावी
भिक्षूला बोलावलं. मंत्र म्हणाला, तांदळाचे मोची-लाडू खाल्ले, म्हणाला की इथे कुणी नाही. त्याला काय कळतंय!

बारावा महिना, अखेरचा दिवस
आता उत्तम जमतं. निदान डोळे मिटल्यावर जमल्यासारखं वाटतं. ताई पहाटे येऊन नेसवते म्हणाली. नको म्हटलं. सामुराई स्वतः नेसतो.

पहिला महिना, पहिली
देवडीवरच अडवलं. म्हातारा कारभारी हळूच म्हणाला, की गोन्नोजो, सणाच्या दिवशी धन्यासमोर मरणाचा वेष? घरी जा बाबा. जागा शेजारच्या उकिताला मिळाली.
ताईनं विचारलं, असं नेसायला तुला शिकवलं तरी कुणी? बाबांचं नाव तोंडावर आलं होतं. तेवढ्यात माझ्याच हातांकडे लक्ष गेलं.
आयुष्यात दुसऱ्या कुणाला मी नेसवलं ते एकदाच. वसंतात, नुईला. पांढरा किमोनो, उजवी बाजू वर. चुकू नये म्हणून किती जपून नेसवला होता.
बाबा आलेच नव्हते. माझ्या हातांना तेवढंच नेसवता येतं.