चेअरमनकाकांची नात

गुरुवार, डिसेंबर

राग उतरत नाही म्हणून लिहितेय. थंडीत पोरं मोबाइल घेऊन पांघरुणात बसतात, म्हणून मी त्यांना रोज पार्किंगमध्ये लगोरी खेळायला नेते. परवा सोसायटीच्या चेअरमनकाकांनी पोरांचा चेंडू ब्लेडनं कापून माझ्या दारात टाकला. "हितं दंगा चालणार न्हाय," म्हणाले. माझी मनू त्या दोन फाका जोडून बघत बसली. कापलेला चेंडू! तेव्हाच ठरवलं, सोडायचं नाही.

आज नवा चेंडू आणला आणि बरोबर त्यांच्या खिडकीखाली डाव मांडला. सुट्टीला आलेली त्यांची नात ईरा खाली आली. "काकू, मला घ्याल?"

आधी वाटलं, नाही म्हणावं. मग त्याहून गोड सुचलं. तिलाच कॅप्टन केलं. लहान मुलीचा असा वापर करावा का? करावा.

काका खिडकीत आले. "ईरा, वर ये. सर्दी हुईल."

"आजोबा, मध्ये बोलू नका, खेळ चाललाय."

काकांनी खिडकी लावून घेतली. काय बरं वाटलं मला!

उद्या पहाटेच खेळू, असं ईराच म्हणाली. मी म्हटलं, "पार्किंगच्या गेटची चावी आजोबांकडे असते. त्यांना उठवून ती घेऊन ये."