एका दमातली घडी

१२ एप्रिल

चि. बारकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी भांडण, मग खुशाली. तुझ्या पत्राची घडी ही अशी? अण्णांनी पाहिली असती तर घडी दाबायची हाडाची पट्टी कागदाऐवजी तुझ्या पाठीत बसली असती. बुकबाइंडरच्या मुलाने पट्टी एका दमात फिरवायची, मध्ये थांबलं की घडीत पायरी पडते, हे तुला आठव्या वर्षी कळत होतं. आता पंचेचाळिशीत विसरलास?

बरं, खरं सांग. हिपॅटायटिस सीच्या गोळ्या संपून तीन महिने झाले. शेवटच्या रक्ततपासणीचं काय? चार पानं लिहितोस आणि नेमकं त्याबद्दल अवाक्षर नाही.

दुकान दुपारीच बंद करतोस म्हणे. अशाने थकवा लाडावतो. मी बघ, तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दिवसभर लायब्ररीतली फाटकी पुस्तकं शिवते आणि ठणठणीत आहे. पत्र दोन दिवस रेंगाळलं, ते आपलं कामामुळे.

लोभ आहेच, तो माझ्या कटकटीला पुरून उरो.
तुझी ताई

२३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विषाणू गेला. रिपोर्टात तसं स्वच्छ लिहिलंय. डॉक्टरांनी हात मिळवला, बायको रडली, आणि मी घरी येऊन बूट न काढता झोपलो.

विषाणू गेला, पण तो निघून गेल्याचं माझ्या अंगाला कुणी कळवलेलंच नाही. सकाळी दोन पुस्तकं शिवली की हातात शिसं भरल्यासारखं होतं. परवा पुठ्ठा कापताना सुरी हातात धरून पाच मिनिटं उभा होतो, पुढे काय करायचं तेच आठवेना. डॉक्टर म्हणतात, काहींना महिनोन्महिने लागतात, धीर धरा. लोक म्हणतात, बरा झालास ना, मग तोंड का पाडून बसतोस. तुझीही त्यांच्यातच भर.

पण पत्र त्यासाठी नाही. डॉक्टरांनी विचारलं, हा रक्तातून पसरतो, घरात कधी कुणाचं रक्त एकमेकांना लागायचं का? मी नाही म्हणालो, आणि जिन्यात येऊन थबकलो. अण्णांचा टोचा आठवला. कागदाला भोकं पाडायला घरात टोचा एकच. अण्णांच्या बोटाला टोचून रक्त आलं की ते तो कपड्याला पुसून तुझ्याकडे द्यायचे, तुझ्या बोटाला आलं की तू माझ्याकडे. काम थांबवायचं नाही हा नियम. आणि अण्णा गेले ते पोट फुगून, पिवळे होऊन. आपण नुसती कावीळ म्हणून गप्प बसलो.

डॉक्टर म्हणाले, तिथूनच आला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण बहिणीचं रक्त तपासाच. ताई, एवढं कर. थेंबभर रक्ताचा प्रश्न आहे. कळलं तर औषध आहे. अण्णांना ते नव्हतं.

माया असू दे, आणि ह्या एका बाबतीत माझं ऐक.
तुझा बारकू

२ जून

चि. बारकूस,
आशीर्वाद.

विषाणू गेल्याचं वाचून मी देवापुढे दिवा लावला. पुढचं वाचून मात्र डोकं फिरलं. ज्या माणसाने आपल्याला हाताला धरून कामाला लावलं, त्याच्या हत्यारात खोट काढतोस? अण्णा गेले, त्यांना आता उलटून बोलता येत नाही, म्हणून?

मी तपासणी करणार नाही. मला काही झालेलं नाही. दुपारी तास दोन तास पडते, ते वय आहे. पायऱ्या चढताना दम लागतो, तोही वयामुळेच. आजारपणात माणूस सगळीकडे आजारच बघतो. हा विषय पुन्हा काढू नकोस, नाहीतर मी पत्र लिहिणार नाही. मी बोलते तसं करते, तुला ठाऊक आहे.

औषध संपलं तरी पथ्य सोडू नकोस. राग आहे, पण लोभाच्या आतच आहे.
ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विषय काढत नाही. फक्त घडीबद्दल लिहितो, ती तूच काढलीस.

तुझी पत्रं मी डब्यात ठेवतो. काल सगळी टेबलावर मांडली. आधीच्या पत्रांच्या घड्या अण्णांनी घातल्यासारख्या आहेत. दीड-दोन वर्षांपूर्वीपासून त्यांत पायऱ्या दिसतात. आधी एक, मग दोन. ह्या शेवटच्या पत्रात तीन आहेत. एक कागद दुमडताना तू तीनदा थांबलीस, ताई. हात असा का थांबतो ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. माझाही तिथेच थांबतो.

तू लिहू नकोस. मी चोवीस तारखेच्या शनिवारी येतो. बसचे नऊ तास आहेत आणि मला दोन तास ताठ बसवत नाही, हे बायकोने दहादा ऐकवलं. तरी येतो. हाताला धरून तपासायला नेईन. ओरडलीस तर दवाखान्यात ओरड, मला चालेल.

लोभ नसला तरी येणार.
बारकू

१७ जून

चि. बारकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येऊ नकोस असं लिहायला बसले होते. एवढा प्रवास करून रस्त्यात कोसळलास तर मी स्वतःला काय तोंड दाखवू? म्हणून तुझं पत्र आलं त्याच दिवशी एकटीच जाऊन रक्त देऊन आले. काल निकाल आला.

आहे रे. माझ्याही रक्तात आहे आणि जुना आहे. यकृत थोडं कडक झालंय, पण वेळ गेलेली नाही म्हणाले. सोमवारपासून गोळ्या.

आता जे सांगते ते वाचून पत्र फाडू नकोस. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनआधी माझं रक्त तपासलं होतं. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, की ह्यात शंका आहे, मोठी तपासणी करा, घरच्यांनाही सांगा. मला अण्णांचं ते पिवळं तोंड दिसलं. त्या दिवशी मी अण्णांची हिशेबाची वही नव्याने बांधत होते. ती चिठ्ठी मी पुठ्ठ्यावर ठेवली, वरून खळ लावली, अस्तराचा कागद चिकटवला आणि वही वजनाखाली दाबून ठेवली. सुकल्यावर काहीच दिसेना. काम चोख झालं होतं.

परवा सुरीने ते अस्तर उचकटलं. चिठ्ठी जशीच्या तशी आहे.

तेव्हा बोलले असते तर तुझं निदान वर्षभर आधी झालं असतं. हा थकवा कदाचित इतका मुरला नसता. आणि टोचा तुझ्या हातात मीच द्यायचे, पुसून. तू तपासणीचा विषय काढलास तेव्हा मला आजाराची भीती नव्हती, ह्याची होती. अण्णांची बाजू घेऊन भांडले, ते माझ्यासाठी.

माफी कशी मागतात ते मोठ्या बहिणींना कुणी शिकवत नाही. एवढंच करते, ह्या पत्राची घडी पट्टीने सारखी केली नाही. जिथे जिथे थांबले तिथे पायरी राहू दिली आहे. मोज.

आणि शनिवारी ये. वाटेत एक मुक्काम कर, हळूहळू ये, पण ये. गोळ्या एकटीने सुरू होतील, पण मला तू हवा आहेस.

लोभ उरला असेल तेवढा घेऊन ये.
ताई